ओल्या मातीचा सांधा

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात साच्यातून काढलेल्या शाडूच्या अवयवांवर कारागीर ओले फडके पांघरून ठेवतो. कारण माती ओली आहे तोवरच सांधा एकजीव होतो, आणि ती एकदा वाळली म्हणजे कितीही दाबले तरी तडा गेल्यावाचून राहत नाही.

दांपत्यजीवनाचेही असेच आहे. १८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्या आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्यास काही वर्षांचा दारुण वियोग आला. परंतु पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, १९०० साली स्वतःच्या अंतःकरणाचा कौल घेऊन त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला, आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आपले रुसवे, कलह व अश्रू यांची इतक्या निःसंकोचपणे नोंद केली, की त्या संसाराची खरी दौलत म्हणजे एकमेकांपुढे उघडे ठेवलेले मन हीच होती, याविषयी वाचकाला संदेह उरत नाही.

गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष प्रभू येशूने आपली व्याकुळता शिष्यांपासून लपविली नाही. मग रोह्याहून सकाळच्या गाडीने चाकरीस निघणाऱ्या पतीने, दाराशी डबा हाती देणाऱ्या पत्नीला, ‘आज मला भीती वाटते आहे’ एवढे सांगण्यात कमीपणा तो कोणता? आणि तिनेही उपदेशाची घाई न करता ते शांतपणे ऐकून घेतले, तर तीच त्या घरातली प्रार्थना ठरेल.

मने वाळू देऊ नका.