आसन आणि उपेक्षा

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे अतिपवित्र क्षेत्र असले, तरी तेथे प्रथमच जाणाऱ्या यात्रेकरूस काही काळ विस्मय वाटल्यावाचून राहत नाही. कारण तीर्थ म्हटले म्हणजे गाभारा, मूर्ती आणि अलंकार यांची जी अपेक्षा मनात वसलेली असते, तिला येथे बहुधा उत्तर मिळते ते एका साध्या ओट्याने. पंथाने ईश्वरावतार मानलेले श्रीगोविंदप्रभू अमुक ठिकाणी बसले, तमुक ठिकाणी निजले, अशी स्मृती पंथाने जपली आणि त्या त्या स्थानी ओटा बांधला. एक वृद्ध स्त्री अशाच एका ओट्यावर कपाळ टेकवीत असताना मी पाहिली आहे. ती बराच वेळ उठली नाही, आणि उठल्यावर तिने पदराच्या टोकाने ओट्यावरील धूळ इतक्या हलक्या हाताने टिपली, की जणू तेथे कोणी अद्याप बसलेलेच होते. ओट्यावर कोणी नव्हते, आणि तरीही तिचे वंदन निराधार नव्हते.

आसनास वंदन करण्याची ही रीत लोकशाहीनेही आपल्या परीने स्वीकारली आहे. विधिमंडळात प्रवेश करणारा सदस्य पीठासनाकडे पाहून मान लववितो. सभापती उभे राहिले की बोलणाऱ्याने खाली बसावे, आणि प्रतिपक्षावर कितीही संताप आला तरी शब्द सभापतींनाच उद्देशून उच्चारावेत, असा दंडक आहे. परंतु ओट्यावरची देवता निर्विकार मानलेली असते, आणि पीठासनावर मात्र रागलोभ असलेला, पक्षात वाढलेला, निवडणुका लढविलेला मनुष्य बसतो. अशा मनुष्यास आपली श्रद्धा न सोडता निःपक्षपाती होता येते काय? हा प्रश्न वरकरणी राज्यघटनेचा दिसला, तरी मुळात तो धर्माचा आहे.

या प्रश्नाचा विचार करताना आमच्याच अमरावती जिल्ह्यातील एक चरित्र माझ्या नजरेसमोर येते. रामकृष्ण सूर्यभान गवई, ज्यांना सारे वऱ्हाड दादासाहेब म्हणून ओळखते, यांचा जन्म १९२९ साली दारापूर या गावी झाला. आंबेडकरी चळवळ आणि रिपब्लिकन पक्ष ही त्यांची कर्मभूमी, आणि बौद्ध धम्म ही त्यांची निष्ठा. १९६४ साली ते विधान परिषदेत आले. १९६८ पासून दहा वर्षे उपसभापती आणि १९७८ ते १९८२ या काळात सभापती, असा त्यांचा पीठासनाशी दीर्घ संबंध राहिला. उपसभापतिपदाच्या त्या दहा वर्षांत सभापती होते वि. स. पागे, रोजगार हमी योजनेचे जनक आणि संतवाङ्मयाचे व्यासंगी. संतांच्या वाणीवर पोसलेला एक आणि बुद्धवचनावर उभा असलेला दुसरा, असे दोघे एकाच पीठासनाचा भार वाहत होते, ही घटना मला लहान वाटत नाही. पुढे दादासाहेब १९९८ साली अमरावतीतून लोकसभेवर निवडून गेले, नंतर राज्यसभेत गेले, आणि बिहार व केरळ या राज्यांचे राज्यपालही झाले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्मारक समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

आता कोणी अशी हरकत घेईल, की ज्या समाजास शतकानुशतके बोलूच दिले नाही, त्याच्या प्रतिनिधीने सभापती होऊन स्वतः मौन पत्करावे, हा त्या समाजाचा तोटाच नव्हे काय? राज्यघटनेच्या १८९ व्या अनुच्छेदानुसार सभापतीस प्रथमतः मत देता येत नाही; दोन्ही बाजूंची मते समसमान झाली तरच निर्णायक मताचा अखत्यार त्याच्याकडे येतो. चळवळीच्या मनुष्यास ही अट कठोर वाटणे साहजिक आहे, आणि मी ती हरकत क्षुल्लक मानत नाही.

तिचे उत्तर मला एका शब्दात सापडते, आणि तो शब्द आहे ‘उपेक्षा’. आपल्या आजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड, दुर्लक्ष. परंतु बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा असे चार ब्रह्मविहार सांगितले आहेत, आणि त्यांत उपेक्षा ही शेवटची म्हणून परिपक्व मानलेली वृत्ती आहे. बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात बजावले आहे की अज्ञानातून आलेली बेफिकिरी ही उपेक्षेची अगदी जवळची शत्रू होय, कारण ती दिसावयास तिच्यासारखीच असते. ज्याला कशाचेच सोयरसुतक नाही, तोही समतोल भासतो. पण मैत्री आणि करुणा या वाटांनी चालत आलेला मनुष्यच खरा समतोल राखू शकतो. ज्याच्या पूर्वजांची कैफियत कोणी ऐकली नाही, त्याने पीठासनावर बसून प्रत्येकाची कैफियत ऐकली जाईल अशी व्यवस्था राखणे, यात करुणेचा त्याग नसून तिची परिणती आहे. एका माणसाचा आवाज थांबतो आणि अनेकांच्या आवाजास वाट मिळते. गोविंदप्रभूंनी मातंगांच्या विनवणीवरून त्यांच्या पाण्याची सोय केल्याची लीळा याच रिद्धपूरच्या चरित्रात आहे. पाणी सर्वांस मिळावे ही करुणा, आणि बोलण्याची पाळी सर्वांस मिळावी हे तिचेच सभागृहातील रूप होय.

या वृत्तीचा एक जुना आदर्शही रिद्धपुरातच आहे. शके १२०० च्या सुमारास महानुभाव ग्रंथकार म्हाइंभटांनी पंथप्रवर्तक श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्याने पाहिल्या वा ऐकल्या त्याच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून. आठवणीत भेद पडला तर एकास खरे व दुसऱ्यास खोटे ठरवून मोकळे होण्याऐवजी भिन्न पाठही नोंदविण्याची शिस्त या परंपरेने पाळली, आणि अशा पाठभेदास तिने नाव दिले ‘वासना’. मला या नावात खोल अर्थ दिसतो. प्रत्येक मतात मत सांगणाऱ्याची वासना मिसळलेली असते. ती पुसून टाकणे हे लेखकाचे काम नव्हे, तर तिला तिच्या धन्याच्या नावाने दफ्तरी रुजू करणे हे त्याचे काम. विधिमंडळाचे कार्यवृत्त तरी दुसरे काय असते? अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन्ही पक्ष तेथे आपापल्या नावाने नमूद होतात, आणि पराभूत झालेल्या बाजूचा शब्दही पुढील पिढीसाठी शिल्लक राहतो. म्हाइंभट श्रद्धाहीन होते असे कोण म्हणेल? त्यांची श्रद्धा अपार होती, म्हणूनच तिला साक्षीदाराचे शब्द बदलण्याची गरज भासली नाही.

दादासाहेबांच्या चरित्रातील एक वळण मला सर्वांत बोलके वाटते. सभापतिपदावरून उतरल्यानंतर ते त्याच सभागृहात विरोधी पक्षनेते झाले, आणि पीठासनावर तेव्हा लोकमान्यांचे नातू जयंतराव टिळक होते. ज्या आसनावरून आपण इतरांस बसावयास सांगत होतो, त्याच आसनापुढे मान लववून, ‘सभापती महोदय’ म्हणत, परवानगी मागून, आपल्या लोकांची तक्रार मांडावयाची, यात मोठ्या हुद्द्यावरून उतरलेल्या माणसास कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते. कारण नमस्कार त्याला स्वतःला कधी झालाच नव्हता, तो आसनास झाला होता, हे ज्यास कळले त्याला आसन सोडणेही कठीण जात नाही. रिद्धपूरच्या त्या वृद्धेने ओट्यावरची धूळ टिपली, तीही बसणाऱ्याच्या प्रतीक्षेत नव्हे. जागा स्वच्छ राहावी, एवढ्याचसाठी.