हलक्या कॅरॅव्हॅनचा जीर्णोद्धार आणि ‘तीच’पणाचा प्रश्न

मोटारीमागे जोडून ओढायच्या जुन्या हलक्या कॅरॅव्हॅन शोधून काढणे आणि त्यांना पूर्वरूप देणे हा युरोप-अमेरिकेत नेटाने जोपासलेला छंद आहे. वरवर पाहता हा सुतारकामाचा आणि पत्र्याच्या कामाचा विषय. पण पाऊणशे वर्षांपूर्वीच्या गाडीची पहिली फळी काढून तिथे नवी बसवली की तत्त्वज्ञानातला एक प्राचीन प्रश्न समोर उभा राहतो: एखाद्या वस्तूचे भाग एकेक करून बदलत गेले, तर ती वस्तू कुठवर तीच राहते? हा प्रश्न मूर्ती, मंदिर, जहाज, रथ अशा अनेक वस्तूंबाबत विचारला गेला आहे. हलक्या कॅरॅव्हॅनच्या बाबतीत तो जास्त टोकदार होतो, कारण तिथे बदलणे हा पर्याय नसून बहुधा अटळ गरज असते.

कॅरॅव्हॅन मुळात हलकी नव्हती. निव्वळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेल्या पहिल्या गाड्यांमध्ये जिची गणना होते, ती ‘वाँडरर’ ब्रिस्टल वॅगन वर्क्सने 1885 मध्ये गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टर-लेखकासाठी बांधली. तिचे वजन दोन टनांच्या घरात होते आणि ती ओढायला दोन घोडे लागत. 1919 पासून बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅन बांधायला घेतल्या आणि वजनाचा हिशेब बदलला. सामान्य माणसाच्या मोटारीचे इंजिन लहान. तिच्यामागे घर जोडायचे तर घराचेच वजन उतरवायला हवे. हा हिशेब विमाने बांधणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. ग्लायडर बांधणारा हॉली बोलस पूर्वी त्या कारखान्यात काम पाहत असे, जिथे 1927 मध्ये लिंडबर्गचे ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ हे विमान तयार झाले. 1934 मध्ये त्याने रिव्हेट मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ‘रोड चीफ’ बाजारात आणली. तशा गाड्या शंभराच्या आतच बनल्या. 1936 ची एअरस्ट्रीम ‘क्लिपर’ तिच्याच वळणावर गेली. जर्मनीत बाड वाल्डझे इथे एरिख बाखेम आणि अर्विन हायमर यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस एरिबा गाड्या बांधल्या. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि प्रवासात खाली बसणारे, मुक्कामात वर उचलता येणारे छप्पर. बाखेम म्हणजे युद्धकाळात रॉकेटवर उडणाऱ्या ‘नाटर’ विमानाचा आराखडा करणारा अभियंता.

या गाड्या दुर्मीळ का झाल्या, हे त्यांच्या बांधणीतच दडलेले आहे. ब्रिटिश हलक्या कॅरॅव्हॅनचा नेहमीचा साचा असा: लोखंडी चासी, तिच्यावर लाकडी कामट्यांची चौकट, बाहेरून हार्डबोर्ड किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून प्लायवुड. भिंत आणि छप्पर जिथे मिळतात तिथे दोन पत्र्यांचा सांधा एका पट्टीने झाकलेला असतो, आणि ती पट्टी स्क्रूने लाकडात आवळलेली असते. पट्टीखालचे भरण काही वर्षांत सुकते, तडकते. पावसाचे पाणी स्क्रूच्या आट्यांवरून थेट कामटीत उतरते. बाहेरून रंग शाबूत, पत्रा चकचकीत. पट्टी काढून स्क्रूड्रायव्हरचे टोक लाकडाला लावले की ते विनासायास आत जाते. लोखंडी स्क्रू जिथे अ‍ॅल्युमिनियमला टेकतो तिथे ओल मिळाली की विद्युत-रासायनिक झीज सुरू होते आणि पत्र्याची पांढरी भुकटी होते. कमी लाकूड, पातळ पत्रा, कमी खिळे यांतून आलेला हलकेपणा असा की त्यात सडायला शिल्लक असे काही ठेवलेलेच नसते. जाड तुळईच्या वाड्यात चार बोटे लाकूड गेले तरी तुळई उभी राहते. इथे तेवढी कामटीच नसते. शिवाय स्वस्त गाड्या जपाव्यात असे कुणाला वाटले नाही. त्या वापरल्या गेल्या, विकल्या गेल्या आणि शेवटी शेताच्या कडेला कोंबड्यांचे खुराडे म्हणून उरल्या. आज जीर्णोद्धारासाठी हाती येते ते बहुधा असे काहीतरी.

चौकटीचे सत्तर-ऐंशी टक्के लाकूड बदलावे लागले, पत्रा नवा आला, धुरा दुसऱ्या गाडीची निघाली, तर उभी राहिली ती कोणती गाडी? ग्रीक परंपरेत हा प्रश्न थीसियसच्या जहाजाच्या नावाने ओळखला जातो. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज शतकानुशतके जपले, कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या, आणि ते तेच आहे की नाही यावर तत्त्वज्ञांचे वाद झाले, असे प्लुटार्क सांगतो. टॉमस हॉब्सने 1655 मध्ये या प्रश्नाला नवी पाचर मारली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवून त्यांचे त्याच क्रमाने दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? कॅरॅव्हॅनच्या दुनियेत ही निव्वळ कल्पना राहत नाही. एका गाडीच्या चासीवर एकाने नवी चौकट उभारावी आणि तिचीच जुनी दारे, खिडक्या, कपाटे दुसऱ्याने आपल्या गाडीत बसवावीत, असे घडू शकते. मग दोघेही आपलीच ती मूळ गाडी असे म्हणू शकतात.

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा जास्त बारकाईने कीस पाडला आहे, आणि योगायोगाने त्यांतला एक गाजलेला दाखला गाडीचाच आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की ज्या रथातून राजा आला तो रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे नव्हे, जू म्हणजेही नव्हे. या सर्वांपलीकडे वेगळा रथ असाही कुठे दिसत नाही. रथ हे व्यवहारासाठी दिलेले नाव ठरते. बौद्धांच्या दृष्टीने जीर्णोद्धार केलेली गाडी ‘तीच’ की ‘दुसरी’ हा वाद नावाचा आहे, वस्तूचा नाही.

नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, खरोखर असतो. न्यायसूत्रांत याला दिलेली एक युक्ती कॅरॅव्हॅनला इतकी चपखल लागू पडते की जणू तिच्यासाठीच रचली असावी: वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. नुसत्या अवयवांच्या ढिगाला हे जमणार नाही. मोटारीच्या हुकाला फक्त कॅरॅव्हॅनचा दांडा अडकतो, आणि मागे सगळे घर चालू लागते. पण न्याय-वैशेषिकांना या भूमिकेची किंमतही मोजावी लागते. एकही अवयव गेला किंवा नवा आला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो, असे त्यांना म्हणावे लागते. फाटलेल्या वस्त्राच्या उदाहरणाने ते हे पटवतात. त्या हिशेबाने एक कामटी बदलली की कॅरॅव्हॅन दुसरी झाली. ‘ही तीच’ ही ओळख दिव्याच्या ज्योतीसारखी, सारखेपणावर उभी असलेली. तर्क म्हणून हे कठोर आणि स्वच्छ आहे. जीर्णोद्धार करणाऱ्याला मात्र त्यातून मार्ग मिळत नाही, कारण एक कामटी बदलणे आणि सगळी गाडी नव्याने बांधणे यांतला फरकच तिथे पुसला जातो.

जैन विचार या ठिकाणी सर्वांत उपयोगी पडतो. उत्पत्ती, नाश आणि टिकणे ही तिन्ही सत्तेची अंगे एकाच वेळी असतात, असे तो मानतो. समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त सोन्याचा घट मोडून मुकुट केल्याचा दाखला दिला आहे: ज्याला घट हवा होता तो दुःखी होतो, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदतो, आणि ज्याला केवळ सोने हवे होते त्याला सुख ना दुःख. तिघेही आपापल्या जागी बरोबर. कॅरॅव्हॅनच्या संग्राहकांतही हे तिघे भेटतात. एकाला 1935 चेच लाकूड हवे असते, मग ते भुसभुशीत का असेना. दुसऱ्याला 1935 चे रूप हवे असते. तिसऱ्याला ती रस्त्यावर चालायला हवी असते. ‘मूळ गाडी’ हे शब्द तिघेही वापरतात, आणि वादाचे निम्मे कारण एवढेच असते की प्रत्येकाला त्यातून वेगळी गोष्ट म्हणायची असते.

न्यायालयालाही एकदा या प्रश्नाचा निवाडा द्यावा लागला. तो खटला मोटारीचा होता, पण मुद्दा हाच. बेंटली स्पीड सिक्स या जातीची ‘ओल्ड नंबर वन’ ही गाडी 1929 आणि 1930 अशी दोन वर्षे ल मानची शर्यत जिंकली. पुढे तिचे इंजिन, चासी, बॉडी बदलत गेली. 1932 मध्ये ब्रुकलंड्सवर तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, आणि तिची पुन्हा बांधणी झाली. 1990 मध्ये तिच्या विक्रीवरून वाद पेटला. खरेदीदाराचे म्हणणे असे की मूळ गाडीचे यात जवळजवळ काहीच नाही. लंडनच्या उच्च न्यायालयाने गाडीच्या बाजूने कौल दिला: तिच्या अस्तित्वाची साखळी कुठेही तुटलेली नव्हती, ती एकाच गाडीच्या रूपात बदलत आली होती. दर्शनांच्या भाषेत बोलायचे तर न्यायालयाने द्रव्यापेक्षा संतानाला, म्हणजे अखंड प्रवाहाला, महत्त्व दिले.

धर्मजीवनात ही समज आधीपासून आहे. जपानमधील इसे इथले देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात पुन्हा बांधले जाते. 2013 मध्ये ते असे बांधले गेले. पुरीला नवकलेवराच्या वेळी, जसे 2015 मध्ये, जगन्नाथाच्या दारुमूर्ती नव्या घडवल्या जातात आणि ब्रह्मपदार्थ जुन्या मूर्तीतून नव्यात नेला जातो. भक्ताच्या लेखी देव बदलत नाही. 1994 च्या ‘नारा’ दस्तऐवजाने वारसाशास्त्रातही हे मान्य केले, की अस्सलपणा केवळ सामग्रीत शोधू नये. रूप, उपयोग, परंपरा आणि भाव यांतही तो असू शकतो.

मग कॅरॅव्हॅनमध्ये जपायचे ते नेमके काय? इथे बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीची अर्थक्रियेची कल्पना निर्णायक ठरते: जे आपले कार्य करू शकते ते सत्. हलक्या कॅरॅव्हॅनचे कार्य लहान मोटारीमागे सहज चालणे हे आहे, आणि ते तिच्या वजनावर अवलंबून आहे. जीर्णोद्धारातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी दिसणारा घात याच जागी होतो. कुजलेल्या कामटीच्या जागी ‘मजबुती’ म्हणून दुप्पट जाडीची कामटी येते, पातळ प्लायऐवजी जाड प्लाय, भिंतींत नवी भरणी, खाली जास्तीची पोलादी पट्टी. रंग अचूक, पडदे त्या काळचे, मूठ तीच. आणि गाडी शेकडो किलोंनी जड. ज्या मोटारीसाठी ती बांधली होती, तिला ती आता ओढवत नाही. जुन्या फळ्या सगळ्या बदलूनही वजन राखलेली गाडी या जड झालेल्या गाडीपेक्षा अधिक ‘तीच’ आहे, असे म्हणायला हरकत नसावी. काट्यावरचा आकडा हा इथे अस्सलपणाचा भाग आहे, आणि दर्शनांनी न विचारलेला हा निकष या छंदाने विचारात आणला, हे त्याचे श्रेय मानायला हवे.

याच वाटेवर एक अवघड वळण येते. मूळ कारागिराने लोखंडी स्क्रू वापरले आणि त्यांनीच पत्रा खाल्ला. आता पुन्हा लोखंडी स्क्रूच लावायचे काय? निष्ठेने जीर्णोद्धार करायचा तर गाडीला मारणारा दोषही परत बसवावा लागतो. जॉन रस्किनने 1849 मध्ये जीर्णोद्धाराला सर्वनाशाचेच एक रूप ठरवले होते. उलट फ्रान्सच्या व्हियोले-ल-द्यूकचे मत असे की वस्तूला अशा पूर्ण अवस्थेला न्यावे, जी तिला प्रत्यक्षात कधी लाभलीही नसेल. या दोन टोकांमध्ये कॅरॅव्हॅनच्या कामात बसणारा मार्ग असा: ब्रेक, टायर, गॅसची नळी यांत तडजोड नाही, कारण तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, सांधा आणि स्क्रू यांत दोष सुधारावा, आणि जे बदलले ते लपवू नये. नव्या कामटीच्या आतल्या बाजूला साल कोरून ठेवणे, काढलेल्या प्रत्येक भागाचे माप आणि छायाचित्र वहीत लावणे हे छोटे काम आहे, पण सत्य आणि बनावट यांची सीमा तिथेच आखली जाते. बदललेल्या गाडीत असत्य नसते. बदल नाकारणाऱ्या विक्रेत्याच्या शब्दात ते असते.

संग्रहाचा प्रश्न शेवटी उरतो. अपरिग्रहाच्या कसोटीवर एकाच माणसाच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या दहा गाड्या समर्थनीय ठरतात का? अपरिग्रहाचा रोख वस्तूंच्या संख्येपेक्षा त्यांच्यावरील ममत्वावर असतो; पण संख्या वाढली की दुरुस्तीला हात पुरत नाहीत, आणि ताडपत्रीखाली कुजणारी नववी गाडी हा त्या ममत्वाचाच पुरावा ठरतो. जिला वर्षातून दोनदाही रस्ता दिसत नाही, तिचे सांधे उन्हा-पावसात तपासलेही जात नाहीत. यातच सुट्या भागांसाठी बळी देण्याचा प्रश्न येतो. एका जातीच्या मोजक्याच गाड्या उरल्या असताना त्यांतली एक मोडून दुसरी उभी करावी काय? जिची चासी तुटलेली आहे आणि चौकटीत धरायला लाकूड नाही, तिच्या खिडक्या दुसरीला देणे हे जीवदान आहे. जी अजून उभी राहू शकते तिला सोयीसाठी मोडणे हे मात्र निव्वळ कमी श्रमाचे काम, आणि दुर्मीळ वस्तूच्या बाबतीत ते भरून न येणारे. मोडण्यापूर्वी तिच्या चौकटीची संपूर्ण मापे घेऊन ठेवली, तर पुढे कुणाला ती नव्याने बांधता येते. तशी बांधलेली गाडी प्रतिकृती म्हणून चालवावी, चासीचा जुना क्रमांक तिच्यावर ठोकू नये. तो क्रमांक ज्या साखळीचा होता ती मोडण्याच्या दिवशी संपलेली असते.