घरघर ऐकताना

शांत बसा. डोळे मिटा. दोंडाईच्याहून सुरतेकडची गाडी नुकतीच गेली आहे. तिचा आवाज नंदुरबारच्या दिशेने विरू द्या. त्याच रुळांवर पुढे नवापूर आहे.

आता मनात एक शेड उभी करा. तुसाचा वास, कोंदट ऊब, आणि अंधारात एका कोंबडीची घरघर. चोच उघडी, मान ताणलेली. ऐका. लगेच नाव देऊ नका.

मानमोडी असेल. ब्राँकायटिस असेल. सीआरडी, म्हणजे जुनाट श्वसनरोग, असेल. बर्ड फ्लूही असेल. घरघर सगळ्यांची सारखीच. 2006 मध्ये नवापुरात मर लागली, तेव्हा आधी मानमोडीचंच नाव ओठांवर आलं होतं. 18 फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचं निदान जाहीर झालं: बर्ड फ्लू, भारतातला पहिला.

एक श्वास घ्या. घशातून फिरवलेला स्वॅब बर्फात ठेवला आहे. त्याला काय विचारायचं?

विषाणूची खूण आत्ता इथे आहे का? हे पीसीआर काही तासांत सांगते. पण मेलेल्या विषाणूची खूणही तिला दिसते.

तो जिवंत आहे का? त्यासाठी अंडं लागतं, नऊ ते अकरा दिवस उबवलेलं. त्यात नमुना टोचायचा आणि वाट बघायची. दिवस जातात. कोंबडीच्या रोगाचं उत्तर न जन्मलेल्या पिलाकडून येतं. इथे जरा थांबा.

शरीराची त्याच्याशी गाठ पडली होती का? हे रक्ताला विचारायचं, एलायझाने. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. काल आजारी पडलेल्या कोंबडीचं रक्त अजून गप्प असतं, आणि अहवाल ‘नाही’ म्हणतो. लस दिलेल्या कोंबडीचं रक्त रोग नसतानाही बोलतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात, पातळी चढली का ते बघतात.

आता स्वतःला मिळालेलं एखादं ‘नाही’ आठवा. ते नेमक्या कोणत्या प्रश्नाला होतं? घाईने विचारलेल्या, की चुकीच्या वेळी विचारलेल्या?

हळूहळू शेडकडे परत या. अहवाल यायचा आहे. दार लावलेलं, चपला बाहेर, एकही पक्षी विकायचा नाही. वाट बघणं म्हणजे एवढी कामं.

घरघर अजून चालू आहे. ऐकत राहा.