वेगळा, पण कोणाहून?

इंग्रजीतील 'डिफरंट' हे विशेषण आम्ही फार सहज वापरतो. त्याचे मूळ लॅटिन 'दिफेर्रे' या क्रियापदात आहे: 'दिस्' म्हणजे दूर, 'फेर्रे' म्हणजे वाहून नेणे. (सेमिनरीत घोकलेली ही रूपे अद्याप विसरलेलो नाही.) त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ, लांबणीवर टाकणे. आपला 'भिन्न' हा शब्द तर 'भिद्', म्हणजे फोडणे, या धातूचा.

दोन वर्षांपूर्वी मनोरजवळच्या पाड्यावरील एक वारली माता आपल्या मुलाला प्रथम ख्रिस्तशरीराच्या वर्गासाठी घेऊन आली. मुलाला वर्गातील पुस्तकी मराठी उमजेना. 'याचे जरा वेगळे आहे, पुढल्या वर्षी पाहू,' असे आम्ही बोलून गेलो. लॅटिन क्रियापदाचे दोन्ही अर्थ त्या एका वाक्यात आले.

वेगळा, पण कोणाहून? इंग्रजीत काय किंवा मराठीत काय, हे 'कोणाहून' गाळले तरी वाक्य चालते; आणि गाळलेल्या जागी आपण मुकाट्याने स्वतःला बसवतो. पाड्यावर गेलो असतो, तर वारली बोली न येणारे आम्हीच तेथे वेगळे ठरलो असतो.

ती माता पुन्हा आलेली नाही. आम्हीही अजून गेलेलो नाही.