चुकलेली वेळ व खरें कारण



कोल्हापुरांत राजारामपुरीच्या गल्ल्यांतून आपल्या खेड्यांतील कित्येक तरुण खोल्या घेऊन राहतात व नोकरीच्या परीक्षांची तयारी करितात. हल्लीं पुष्कळ नोकऱ्यांची पहिली परीक्षा मोबाईलवर अगर संगणकावर घेतली जाते. उमेदवाराला ईमेलनें लिंक येते. ठरलेल्या मुदतींत ती उघडून प्रश्न सोडवावयाचे असतात, आणि मुदत संपतांच दार आपोआप बंद होतें. ज्याची विनवणी करावी असा शिपाईहि तेथें नसतो.

अशाच एका तरुणाची मुदत चुकली. तीन दिवस हातीं होते. पण "उद्यां पाहूं" म्हणतां म्हणतां तिसरी रात्र उलटली. सोबत्यांनीं सल्ला दिला, "वीज गेली होती असें लिहून टाक." तो मजकडे येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, एवढ्याशा शब्दानें कोणाचें काय बिघडेल? घरीं आईबाप आशा धरून बसले आहेत."

खरोखर, कोणाचें काय बिघडतें? गणनेच्या पुस्तकाचा नववा अध्याय उघडून पाहा. कांहीं माणसें प्रेताच्या स्पर्शानें अशुद्ध झाल्यामुळें नेमलेल्या दिवशीं त्यांना वल्हांडण सण पाळतां आला नाहीं. तीं त्याच दिवशीं मोशे व अहरोन यांजकडे गेलीं व घडलें तें सांगून त्यांनीं विचारिलें. मोशेनें देवाला विचारिलें, आणि देवानें अशुद्ध झालेल्यांस व दूर प्रवासांत असलेल्यांस पुढील महिन्याचा चौदावा दिवस नेमून दिला. परंतु जो शुद्ध आहे, प्रवासांतहि नाहीं, आणि तरी हयगय करितो, त्याला ती सवलत दिली नाहीं. देवानें सवलतहि ठेविली व तिला सीमाहि घातली.

आतां आपल्याच जिल्ह्याकडे पाहूं. २०१९ च्या आगस्टांत पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशीं धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांवर चढलें. पुण्याहून बंगळूरास जाणारा महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. अशा पाण्यांत ज्याची परीक्षा बुडाली, त्यानें दुसरी तारीख मागणें न्यायाचेंच. पण जो कोरड्या खोलींत स्वस्थ बसला, तोहि तेंच कारण सांगूं लागला, तर ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो, आणि उद्यां खऱ्या पूरग्रस्ताचा शब्दहि खोटा ठरतो. तेव्हां खोटी सबब म्हणजे केवळ मालकाची फसवणूक नव्हे; ती दुसऱ्या गरिबाच्या ताटांतील भाकर उचलणें होय.

मग चुकलेल्यानें गप्प बसावें काय? मुळींच नाहीं. मागण्याची मोकळीक सर्वांस आहे. दुसऱ्याचें कारण उसनें घेण्याची मात्र कोणासहि नाहीं. त्यानें त्याच दिवशीं थोडक्यांत लिहावें: चूक माझी आहे, नियमांत बसत असल्यास एक संधी द्यावी. वीज खरोखरच गेली असेल, तर तेंहि न लाजतां, पुराव्यासह कळवावें. एकदां लिहिल्यावर पुनःपुन्हां तगादा लावूं नये, आणि उत्तर "नाहीं" आलें तरी तें सोसावें.

उपदेशकांनीं व मंडळीच्या वडिलांनींहि आपल्या तरुणांस विचारीत जावें: पत्र केव्हां आलें? मुदत दुपारीं संपते कीं रात्रीं? गांवीं रेंज मिळत नसेल, तर पहिल्याच दिवशीं कोठें जाऊन बसावयाचें? "सांभाळून राहा" असें नुसतें सांगण्यापेक्षां ही विचारपूस अधिक प्रीतीची आहे.

त्या तरुणानें खरें तेंच लिहिलें. दार उघडलें नाहीं. त्या रात्रीं त्यानें बापाला फोन करून तेंहि जसेंच्या तसें सांगितलें, आणि मला वाटतें, पहिल्या पत्रापेक्षां हें काम त्याला जड गेलें. नोकरी गेली, परंतु पुढें कधीं पुरानें अगर आजारानें त्याला खरोखर अडविलें, तर सांगावयाला त्याच्याजवळ स्वतःचा शब्द शाबूत असेल. तसा शब्द प्रभु आपणां सर्वांजवळ राखो.