प्रेत नसलेला गुन्हा

'कोलंबो' मालिकेतला 'कँडिडेट फॉर क्राइम' हा भाग अमेरिकेत नोव्हेंबर १९७३ मध्ये दाखवला गेला. सिनेटची निवडणूक लढवणारा नेल्सन हेवर्ड स्वतःच्याच प्रचारप्रमुखाचा खून करतो आणि आळ ढकलतो धमक्या देणाऱ्या अज्ञात शत्रूंवर. शत्रू खरे वाटावेत म्हणून शेवटी आपल्यावरही हल्ला झाल्याचा बनाव रचतो. हॉटेलच्या खोलीत भिंतीत गुपचूप गोळी झाडून ठेवायची आणि नंतर आवाज काढून थोडक्यात वाचल्याचं नाटक करायचं. चुरगळलेल्या रेनकोटातल्या डिटेक्टिव्ह कोलंबोने मात्र ती गोळी आवाज होण्याआधीच भिंतीतून उकरून काढलेली असते. खुनातली गोळी आणि ही गोळी एकाच पिस्तुलातली. खेळ खल्लास.

असा शेवट पाहून बरं वाटतं. माझी तक्रार त्या बरं वाटण्याबद्दलच आहे. बी. पी. सिंग यांच्या 'एक शून्य शून्य'पासून 'सीआयडी'पर्यंत आपलीही नजर अशीच घडली आहे: एक प्रेत, एक गुन्हेगार, त्याची एक चूक; दरवाजा तुटला की प्रकरण मिटलं. भ्रष्ट पुढारी या साच्यात बसवायचा तर त्याला आधी खुनी करावं लागतं. नुसत्या भ्रष्टाचारावर रहस्यकथा उभी राहत नाही.

प्रेत नसलेल्या अशाच भ्रष्टाचाराची खरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची आहे. इथल्या डँडेनॉन्ग स्टेशनवर क्रॅनबर्न आणि पॅकनम या दोन लाइन फुटतात आणि दोन्ही केसी पालिकेच्या हद्दीत शिरतात. घर घेण्याच्या वयातली किती तरी भारतीय कुटुंबं डँडेनॉन्गहून याच रुळांनी पुढे सरकली. इथली गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायलाच नको. शेतजमीन एनए झाली की भाव कुठे जातो हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. क्रॅनबर्न वेस्टमध्ये कारखान्यांसाठी राखलेली जमीन घरांसाठी खुली करून घ्यायची होती, एवढाच फरक. व्हिक्टोरिया राज्याच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने, म्हणजे आयबॅकने, 'ऑपरेशन सँडन' नावाने चौकशी केली आणि जुलै २०२३ मध्ये अहवाल विधिमंडळात ठेवला. सॅम अझीझ आणि जेफ ॲब्लेट या दोन नगरसेवकांना विकासकांसाठी काम करणारे सल्लागार जॉन वुडमन यांच्याकडून सुमारे बारा लाख डॉलर्सचा लाभ मिळाला, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. वुडमन यांनी आरोप नाकारले आहेत.

मला त्या रकमेपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकते. पालिकेत या बदलाची बाजू मांडणारा 'सेव्ह क्रॅनबर्न वेस्ट रेसिडेंट्स ॲक्शन ग्रुप' नावाचा रहिवाशांचा गट होता. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे त्याला पैसा आणि दिशा वुडमन यांच्याकडूनच मिळत होती. हेवर्डने शत्रू उभे केले, इथे जनताच उभी केली गेली! बनाव तोच, पण हा उघडा पाडायला भिंतीतली गोळी नव्हती. चोरून ऐकलेले फोन, बँकेचे व्यवहार, सभेची इतिवृत्तं, हितसंबंध जाहीर करण्याचे फॉर्म आणि शर्यतीच्या घोड्यातली भागीदारी, असा सगळा ढीग उपसावा लागला. जाहीर सुनावणी २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. अहवाल बाहेर पडू नये म्हणून मध्ये कोर्टबाजीही झाली. हे पाहायला कोण दर आठवड्याला टीव्हीसमोर बसणार?

शिवाय आयोग कुणाला गुन्हेगार ठरवू शकत नाही, ते काम कोर्टाचं. अहवालातल्या ३४ शिफारशींचा बराच भर आहे तो ही व्यवस्था बदलण्यावर: जमीन-नियोजनाचे निर्णय कोणी घ्यावेत, लॉबिंग करणाऱ्यांवर नजर कशी ठेवावी, निवडणुकीला देणग्या किती असाव्यात. नुसत्या दोन नगरसेवकांचं प्रकरण असतं तर इतक्या शिफारशींची गरजच पडली नसती. कोलंबोच्या गोष्टीत मात्र हेवर्ड तुरुंगात गेला की निवडणुकीचा पैसा कुठून आला हे कुणी विचारत नाही.

शिक्षेचं म्हणाल तर ती सर्वांत आधी भोगली मतदारांनी. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्य सरकारने अख्खी केसी पालिका बरखास्त केली, त्यात ज्यांच्यावर बोट ठेवलं गेलं नव्हतं तेही घरी गेले, आणि ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांकडे राहिला. साडेतीन लाखांवर वस्तीला साडेचार वर्षं रस्त्यातल्या खड्ड्यासाठी फोन करायला स्वतः निवडलेला नगरसेवक नव्हता. मुंबईकर यावर हसतील. त्यांच्या महापालिकेवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक बसला तो कुठल्याही चौकशीच्या निष्कर्षावरून नव्हे, मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही एवढ्याच कारणाने.