गुप्तदान आणि सूचनेतील सत्य

देवालयाच्या दानपेटीत नाव न सांगता टाकलेल्या द्रव्यास आपण गुप्तदान म्हणतो. ते गुप्त राहील या विश्वासानेच दिलेले असते. ज्ञानाच्या दानासही हा न्याय लागू करावा काय, हा प्रश्न मराठी विकिपीडियाच्या निमित्ताने विचारात घेण्याजोगा आहे.

२००३ साली सुरू झालेला हा ज्ञानकोश कोणीही लिहावा, कोणीही सुधारावा, असा आहे. खाते न उघडता लिहिणाऱ्यास वाटे की, आपण अनामिक राहिलो. वस्तुतः घडे उलटेच. टोपणनावाने खाते उघडणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या जोडणीचा क्रमांक, झाकलेला राही. नाव न देणाऱ्याचा मात्र लेखाच्या इतिहासात सर्वांसमक्ष कायमचा नोंदला जाई. आमच्या सुरतेत खानदेशातून आलेल्या एखाद्या मराठी गृहस्थाने एक ओळ सुधारली, तर त्या क्रमांकावरून त्याची इंटरनेट कंपनी आणि बहुधा त्याचे शहरही परक्यास शोधता येई. २०२४ पासून विकिमीडिया प्रतिष्ठानाने टप्प्याटप्प्याने तात्पुरत्या खात्यांची पद्धत आणली. जुन्या नोंदी मात्र उघड्याच राहिल्या.

सूचना दिलेली नव्हती काय? होती. परंतु आयपी म्हणजे काय हेच ज्यास ठाऊक नाही, त्याला ती असून नसल्यासारखीच.

संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती समजून दिलेली हवी, आणि सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीत व कोकणीतही, वाचण्याची सोय हवी. परंतु व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती याच कायद्याने वगळली आहे. येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. आपण काय प्रकट करीत आहोत हे ज्यास उमगलेच नाही, त्याने ते ‘स्वतः’ जाहीर केले, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

खोडसाळांना आवरण्यासाठी काही खूण ठेवावी लागते, हे मान्य. तिच्याविषयी दुर्बोध शब्दांत सांगणे हा मात्र अन्याय होय. काय दिसेल, कोणास दिसेल आणि पुढे पुसता येईल की नाही, एवढे तरी साध्या मराठीत सांगावे; त्यांतही शेवटचे सर्वांआधी. सूचना लिहिणारा बहुधा संस्थेचा बचाव डोळ्यांसमोर ठेवतो. त्याने दात्यास समोर ठेवावे. आपण काय देतो हे जाणून दिले, तरच ते दान. एरवी ती नकळत झालेली वसुली ठरते.